विजेवरची मोटार : वाहन की मोठा मोबाईल?



गेल्या महिन्यात बांद्याच्या आठवडा बाजारात आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांनी मला कट्टा कॉर्नरवर गाठले. हातात केळीचा घड नव्हता की सुपारीचे पोते नव्हते, होते एक गुळगुळीत कागदाचे रंगीत पुस्तक. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्यांची थोडी जमीन गेली, तिचे पैसे बँकेत पडून आहेत. मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. रोज पत्रादेवी ओलांडून जातो, रोज येतो. त्याने हट्ट धरला आहे की आता मोटार घ्यायची, आणि ती विजेवरचीच घ्यायची.

"सायबांनू, झिलाक ही गाडी व्हयी आसा," ते म्हणाले. "माका एकच सांगा, ही गाडी आसा की मोठो मोबाईल? मोबाईल बिघाडलो तर कपाटात टाकतंव. गाडी बिघाडली तर खंय टाकू?"

मी शेतकी खात्याचा माणूस. भाताच्या करप्यावर किंवा काजूच्या ढेकण्यावर विचारले असते तर उभ्याउभ्या उत्तर दिले असते. ह्या प्रश्नाला मात्र मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ते पुस्तक घरी नेऊन वाचले. सोळा पाने होती. त्यातली नऊ पडदे, गाणी, रंगीत दिवे आणि आवाजाने उघडणाऱ्या काचा ह्यांवर खर्च झाली होती. बॅटरीला अर्धे पान. आणि बिघाड झाला तर काय करायचे, ह्यावर एक ओळही नाही. बागायतदारांचा प्रश्न अडाण्याचा नव्हता हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरी आहे आणि ती समजायला तुम्हांला शहरातल्या माणसाहून कमी कष्ट पडतील. विजेच्या मोटारगाडीतले यंत्र म्हणजे तुमच्या विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीची चुलत बहीण. एक फिरणारा भाग, त्याला धरणारे बेअरिंग, भोवती तांब्याच्या तारांची गुंडाळी. पेट्रोलच्या इंजिनातले पिस्टन, वॉल्व्ह, कार्बुरेटर, सायलेन्सर हे काही नाही. इंजिनाचे तेल बदलणे नाही, क्लच दाबणे नाही. उतारावर पाय काढला की हीच मोटार उलटे काम करते, म्हणजे वीज तयार करून बॅटरीत परत भरते. आंबोलीचा घाट चढताना खर्च झालेली वीज उतरताना थोडीफार परत मिळते. डिझेलच्या गाडीने घाट उतरताना टाकीत तेल वाढलेले कोणी पाहिले आहे काय?

म्हणजे मूळ वस्तू साधी आहे. ती आजची नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी चांगल्या खपत होत्या, आणि त्यांची ख्याती साधेपणाबद्दलच होती. पेट्रोलची गाडी पुढे उभे राहून हँडल मारून सुरू करावी लागे, हँडल उलटले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीत नुसता दांडा ढकलायचा. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड, त्याची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी चालवी. 1912 साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेची गाडी हळूहळू मागे पडली.

आपल्याकडे 2001 साली बंगळूरहून चेतन मैनी ह्यांची 'रेवा' विक्रीला आली. इवलीशी, दोन दारांची. पुढच्या आसनांखाली शिशाच्या बॅटऱ्या, आणि घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर चार्ज होणारी. लोक तिला हसले. 2010 साली महिंद्र कंपनीने ती कंपनी विकत घेतली. ज्या महिंद्रची जीप आपल्या बापजाद्यांनी तारेने आणि दोरीने बांधून चालवली, त्याच महिंद्रच्या दोन नव्या विजेच्या मोटारी आता पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. 14 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांची नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी 30,179 गाड्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या एका गाडीत चालकापासून शेजारच्या आसनापर्यंत 12.3 इंचांचे तीन पडदे ओळीने बसवलेले आहेत. 16 स्पीकर आहेत. टाटांनी त्याआधीच, 2023 साली, आपल्या नेक्सॉनच्या पडद्यावर चित्रपट आणि खेळ आणून ठेवले होते. गाडी उभी असताना करमणूक व्हावी म्हणून, असे सांगतात. आमच्याकडे गाडी उभी असते तेव्हा माणसे भात लावत असतात, तो भाग वेगळा.

ह्या गाड्या टाकाऊ आहेत असा माझा आरोप नाही. महिंद्रच्या दोन्ही गाड्यांना अपघाताच्या सरकारी चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. गाडीत संगणक असणे हाही दोष नाही. बॅटरी म्हणजे शेकडो, कधी हजारो लहान पेशींची जुडी. तिच्यातला एखादा भाग तापला, एखादा जास्त भरला, तर लगेच लक्ष देणारा पहारेकरी हवाच. तो संगणकच असू शकतो. आणि पेट्रोलची आजची गाडी तरी कुठे साधी राहिली आहे? 2020 साली बीएस-6 चे नियम लागू झाल्यापासून तिच्याही पोटात संगणक भरलेले आहेत. 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही धुराचे नवे कडक नियम आले आणि त्यांची डिझेलची यंत्रणाही संगणकाच्या ताब्यात गेली. तेव्हा "विजेची गाडी म्हणजे खेळणे आणि डिझेलची म्हणजे मर्दाची" ही चौकातली भाषा मला मान्य नाही.

तक्रार वेगळ्या जागी आहे. ती अशी, की गाडी विकणाऱ्यांनी मोबाईलच्या दुकानातली रीत उचलली आहे. वस्तू विकायची, पण तिची किल्ली आपल्याकडे ठेवायची.

उदाहरण पुण्याचेच घेऊ. बजाजची 'चेतक' स्कूटर 1972 साली आली. माझ्या वयाच्या माणसांना ती तिरकी करून किक मारल्याचे दिवस आठवत असतील. तीच चेतक 2020 साली विजेवर पुन्हा आली, पत्र्याच्या अंगाची आणि देखणी. 2023 च्या अखेरीस तिची 'अर्बन' नावाची प्रत निघाली. साध्या प्रतीचा सर्वांत जास्त वेग ताशी 63 कि.मी. होता. 'टेकपॅक' नावाचे जादा पैसे भरले, की तोच वेग 73 कि.मी. होई, आणि गाडी मागे घेण्याची सोयही चालू होई. अधिक लोखंड नाही, मोठी मोटार नाही. आत लिहिलेली आज्ञावली, ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात, तिच्यातले एक कुलूप निघे. कंपनीने हे लपवले नव्हते, किंमतपत्रकात छापलेले होते. पण बैल विकत घेतला आणि नांगराला जुंपायचा तर वेगळे पैसे, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर आपण बाजारातून उठून आलो असतो.

अमेरिकेत 2017 च्या सप्टेंबरात फ्लोरिडाकडे मोठे चक्रीवादळ आले. लोक गाड्या घेऊन पळत होते. टेस्ला कंपनीने आपल्या काही गाड्यांची बॅटरी दूरवरून, न शिवता, मोठी करून दिली. म्हणजे बॅटरी आधीपासून मोठीच होती, स्वस्त घेणाऱ्यांसाठी आज्ञावलीने तिचा कोपरा बंद ठेवला होता. तो काही दिवसांपुरता उघडला आणि नंतर पुन्हा बंद केला. आपल्या रेवानेही 2009 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात अशीच सोय जाहीर केली होती. वाटेत वीज संपली तर कंपनीला फोन करायचा, मग राखून ठेवलेली थोडी वीज कंपनी तिकडून मोकळी करून देणार. अडचणीतल्या माणसाला दोन्हींचा उपयोगच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला दूरवरून उघडता येते त्याला दूरवरून बंदही करता येते, हे पाटाच्या पाण्यावरून भांडलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

2024 च्या सप्टेंबरात एमजी कंपनीने 'विंडसर' ही गाडी आणली, तेव्हा तिची एक किंमत 9 लाख 99 हजार होती, मात्र बॅटरी सोडून. बॅटरीचे भाडे दर किलोमीटरला साडेतीन रुपये. हातात पैसे कमी असणाऱ्याला हे सोयीचे वाटेल. पण हिशेब नीट मांडा. जमीन आपली आणि विहीर शेजाऱ्याची, अशी शेती करताना पिकाच्या ऐन दिवसांत काय होते ते आठवा.

आता टिकाऊपणा. 2021 साली टेस्लाने अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मोटार चांगली होती, बॅटरी चांगली होती. मधल्या पडद्यामागची नखाएवढी स्मरणचिप लिहून-पुसून, लिहून-पुसून झिजली होती. त्या पडद्यावरच मागचा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवण्याची सोय अवलंबून होती. 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फिस्कर कंपनीचे दिवाळे निघाले, आणि नव्याकोऱ्या गाड्यांच्या हजारो मालकांपुढे प्रश्न उभा राहिला की पुढच्या आज्ञावल्या आणि सुटे भाग आता देणार कोण.

घरचा अनुभवही सांगून टाकतो. माझ्या पुतण्याने विजेची स्कूटर घेतली. कंपनीचे नाव घेत नाही. एके रात्री तिच्यात नवी आज्ञावली आपोआप उतरली आणि सकाळी स्कूटर उठेना. पडद्यावर एक इंग्रजी ओळ, बस्स. आमचा गावचा मेकॅनिक हुशार आहे, पॉवर टिलरचे इंजिन डोळे मिटून खोलतो. त्याने स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, हेका पानो लागत नाय, पासवर्ड लागता." स्कूटर टेम्पोत घालून शहरात न्यावी लागली. एकोणीस दिवसांनी परत आली. बिघाड तळहाताएवढ्या एका पट्टीचा होता.

पानो आणि पासवर्ड. वादाचे मूळ इथे आहे, आणि तो वाद शेतकऱ्यांनीही ऐरणीवर आणला हे तुम्हांला ठाऊक असावे. अमेरिकेत जॉन डिअरच्या मोठ्या ट्रॅक्टरांत आणि कापणी यंत्रांत आज्ञावली आली, तेव्हा ऐन सुगीत यंत्र अडले तरी शेतकऱ्याला ते स्वतः दुरुस्त करता येईना. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पीक उभे. तिथल्या शेतकऱ्यांनी आवाज उठवला. कोलोरॅडो राज्याने 2023 साली कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून शेतीयंत्रे बनवणाऱ्यांना दुरुस्तीची साधने व माहिती मालकाला देणे बंधनकारक झाले. 2025 च्या जानेवारीत तर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिअर कंपनीवर खटलाच भरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल उघडले. त्यात चार वर्ग घेतले : शेती अवजारे, मोबाईल वगैरे इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटार-वाहने. यादीतला पहिला वर्ग आपला आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, कंपन्या आपणहून माहिती देतात तेवढीच तिथे दिसते. तरी पाहून ठेवायला हरकत नाही. वस्तूबद्दल तक्रार असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक लक्षात ठेवा.

आता जगाचे सोडून बांद्याचे बोलू.

आपला पहिला विचार पाण्याचा. तेरेखोल नदी 2019 च्या ऑगस्टात बाजारपेठेत शिरली, 2021 च्या जुलैत पुन्हा शिरली. विक्रेता म्हणतो, बॅटरी पाण्यात बुडाली तरी काही होत नाही, तिला आयपी-67 चा दाखला आहे. दाखला खरा आहे, पण त्याचा अर्थ काय? एक मीटर पाण्यात, अर्धा तास. तेरेखोल बाजारात शिरली की घड्याळ पाहून अर्ध्या तासात परत जाते काय? तेव्हा पाणी चढण्याची चिन्हे दिसताच गाडी उंचावर न्या. आणि बुडालीच तर सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका, तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय हात लावू नका. हा नियम पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे, पण इथे जास्त कडक पाळायचा.

दुसरे, वीज. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. रोजच्या वापराला एकच गाडी असेल आणि ती विजेची असेल, तर वादळाची सूचना येताच ती पूर्ण भरून ठेवण्याची सवय लावावी लागेल. आपण विहिरीवरच्या टाक्या भरून ठेवतो तशी.

तिसरी गोष्ट विक्रेते सांगतच नाहीत, ती म्हणजे अर्थिंग. विजेच्या गाडीचा चार्जर जमिनीची जोडणी नीट नसेल तर वीज घेतच नाही, आणि ते योग्यच आहे. आपली जमीन जांभ्याची. मार्च-एप्रिलमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावालाच उरते. तेव्हा गाडी येण्याआधी परवानाधारक वायरमनकडून खोल खड्ड्यात, कोळसा-मीठ घालून, स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. 15 अँपिअरचा प्लग जाड तारेने मीटरपासून सरळ आणा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह टाळा, तो विजेचा गैरवापर ठरतो.

पैशांचा हिशेब मी बागायतदारांसाठी असा मांडला. मुलगा रोज जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे मिळून 50 कि.मी. फिरतो असे धरू, महिन्याचे दिवस 25. झाले 1,250 कि.मी. विजेच्या एका युनिटला साडेसहा कि.मी., त्यात चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला सुमारे 215 युनिटे. इथे एक खाच आहे. घरगुती विजेचा दर 100 युनिटांनंतर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून मी युनिटला 12 रुपये धरले. खर्च 2,580 रुपये. पेट्रोलला लिटरला 100 रुपये आणि 16 कि.मी. धरले तर 7,800 रुपये. (आपली माणसे पेट्रोल पत्रादेवीपलीकडे गोव्यात भरतात, तेव्हा थोडे कमीच पडेल, हे मी धरलेले नाही.) महिन्याला सव्वापाच हजारांची बचत. विजेची गाडी तीन लाखांनी महाग असेल तर ती रक्कम पाच वर्षांच्या आत वसूल होते. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार कि.मी. अशी देतात. तेव्हा ह्या मुलासाठी व्यवहार बसतो.

पण ज्याची गाडी बाजार, लग्नकार्य आणि डॉक्टर एवढ्यासाठीच महिन्याला 300 कि.मी. फिरते, त्याची बचत साडेबाराशे रुपये. तीन लाख वसूल व्हायला वीस वर्षे. तेवढ्यात आज लावलेल्या काजूच्या कलमाचे भर उत्पन्नाचे दिवस सरत आलेले असतील.

छपरावर सूर्यपॅनेल असेल तर गणित सुधारते. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरवलेले आहे आणि स्वच्छ उन्हात तेवढी पॅनेले दिवसाला 12 युनिटे देतात. जून ते सप्टेंबर मात्र कोकणच्या आभाळावर भरवसा ठेवू नका.

आमच्या खात्यात एखाद्या जातीची शिफारस करण्यापूर्वी वेंगुर्ल्याच्या किंवा दापोलीच्या प्रक्षेत्रावर वर्षानुवर्षे निरीक्षण होते. मग शेतकऱ्याच्या बागेत होते, आणि मग कुठे शिफारस. वेंगुर्ला-4 असो की वेंगुर्ला-7, कलम लावणारा पंचवीस-तीस वर्षांचा विचार करून खड्डा खणतो. मोटारवाले दरवर्षी नवी जात काढतात आणि गेल्या वर्षीची जुनी म्हणून हिणवतात. तेव्हा पहिल्या वर्षाची गाडी घेण्याची घाई करू नये, दोन पावसाळे दुसऱ्याच्या अंगणात काढू द्यावेत, असे माझे मत आहे. युरोपातल्या सुरक्षा चाचणी संस्थेनेही 2026 पासून गुण देताना हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे ह्यांना वेगळी बटणे असावीत असा आग्रह धरला आहे. पडद्याचे वेड आता तिकडेही कोणाला तरी जाचू लागले आहे.

आठ दिवसांनी मी बागायतदारांना घरी जाऊन हे सगळे सांगितले. त्यांच्या मुलाला राग येईल असे वाटले होते. तो म्हणाला, "काका, मला तीन पडदे नकोत, मला पेट्रोल नको." मग तिघांनी बसून विक्रेत्यासाठी प्रश्न काढले. बॅटरी मालकीची की भाड्याची? हमीत क्षमता किती टक्क्यांखाली गेली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल? पडदा बंद पडला तर गाडी चालेल का, वायपर चालेल का? आतली लहान 12 व्होल्टची बॅटरी उतरली तर दार हाताने कसे उघडायचे? आज्ञावली मालकाला विचारल्याशिवाय बदलणार का? मोबाईलला रेंज नसेल तर गाडी सुरू होईल का? (आमच्या वाडीत रेंजसाठी फणसाखाली जावे लागते.) दुरुस्तीचे जवळचे ठिकाण कोणते, आणि गाडी तिथपर्यंत नेण्याचा खर्च कोणाचा? पडद्याची किंमत किती, आणि तो दहा वर्षांनी मिळेल का?

कंपनीची सर्वांत खालची प्रत, लहान पडद्याची, विक्रेत्याने आधी दाखवलीच नव्हती. मुलाने मागून घेतली. ती बाहेरून तशीच दिसते, मोटार आणि बॅटरी तीच, किंमत बरीच खाली.

बागायतदारांनी प्रश्नांचा कागद विक्रेत्याला दिला आणि उत्तरे सहीशिक्क्यानिशी मागितली. पाच उत्तरे आली आहेत. पडद्याचे आणि बारा व्होल्टच्या बॅटरीचे अजून यायचे आहे. तोवर पैसे बँकेतच आहेत, आणि अंगणात माडाच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा मात्र खणून तयार आहे.